मार्केट ड्रेटनचा बुधवार

इंग्लंड सहलीला येणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

"लंडन सोडून या आडगावात कशाला?" कार्यक्रम हातात पडला की हा प्रश्न येतोच. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मार्केट ड्रेटन हे श्रॉपशर परगण्यातलं, टर्न नदीकाठचं छोटं गाव. १२४५ साली तिसऱ्या हेन्री राजाने इथे दर बुधवारी बाजार भरवायची सनद दिली आणि ड्रेटनचं 'मार्केट ड्रेटन' झालं. त्या काळी अशी सनद म्हणजे गावाचं नशीबच उघडायचं. पंचक्रोशीतला माल आपसूक तिथे यायचा. राजे बदलले, पण वार बदलला नाही. आजही तिथला आठवडी बाजार बुधवारीच भरतो.

१६५१ साली एका बेकरीत आग लागली आणि लाकडी घरांचं बहुतेक गाव जळालं. काळ्या लाकडी पट्ट्यांची जी पांढरी घरं आपण पाहणार आहोत, त्यातली बरीचशी त्यानंतरची. गावाच्या मधोमध बटरक्रॉस आहे: खांबांवर पेललेलं छप्पर, चारही बाजूंनी मोकळं. लोणी-अंडी विकणाऱ्यांसाठीची ही जागा. मान वर करून पाहा, माथ्यावर घंटा दिसेल. पुन्हा आग लागलीच तर वाजवायला!

आम्हाला मात्र हे गाव दाखवायचंय ते रॉबर्ट क्लाइव्हमुळे. त्याचा जन्म १७२५ चा, गावाजवळच्या स्टाइच इथला. लहानपणी तो सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढून बसला होता, अशी गोष्ट गावात सांगतात. प्लासीचा क्लाइव्ह आपण शाळेत शिकलो, विजयदुर्गचा क्लाइव्ह फारसा कुणी सांगत नाही. तुळाजी आंग्र्यांना नमवायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून अॅडमिरल वॉटसनच्या तोफा आणि जमिनीवरून क्लाइव्हचे सैनिक, असा हल्ला झाला. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. मागच्या एका सहलीत देवगडच्या एक काकू त्या मनोऱ्याखाली बराच वेळ गप्प उभ्या होत्या. आम्हीही बस थांबवून ठेवली.

१८३५ मध्ये, थॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या आराखड्याचा, इथून जाणारा कालवा सुरू झाला. त्यावर आजही रंगीत, अरुंद होड्या चालतात. रेल्वे १८६३ ला आली आणि शंभर वर्षांनी प्रवासी गाड्या बंद झाल्या, म्हणून आपण बसनेच जातो.

बाजारात जिंजरब्रेड जरूर घ्या. बोटाएवढ्या, खरपूस, आल्याच्या वासाच्या कांड्या असतात. तिथली मंडळी त्या पोर्ट वाइनमध्ये बुडवून खातात. चहातही छान लागतात. अंडं चालत नसेल तर घेण्याआधी विचारा. खांद्याला कापडी पिशवी आणि खिशात थोडी सुटी नाणी असू द्या.