माहेरची एसटी थांबली तेव्हा

23 मार्च 2020 ला कोरोनामुळे राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि एसटी जागच्या जागी थांबली. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचा पहिला आसरा त्या दिवशी तुटला. आपल्याकडे तो आसरा पोलीस चौकी कधीच नव्हता, तो माहेर होता. चार दिवस जाऊन येते म्हणायचं, पोराला काखेला घ्यायचं आणि स्टँड गाठायचा. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी पुन्हा सुरू झाली ती 20 ऑगस्टला.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे 23 मार्च ते 16 एप्रिल या दिवसांत 587 तक्रारी आल्या, त्यांतल्या 239 घरगुती हिंसेच्या. त्याआधीच्या पंचवीस दिवसांत अशा तक्रारी 123 होत्या. आकडा दुपटीच्या घरात गेला म्हणून गाजावाजा झाला. पण आयोगाच्या अध्यक्षांनीच तेव्हा सांगितलं होतं की गरीब घरातल्या बायका तक्रार टपालाने पाठवतात आणि टपाल तर येतच नाही. म्हणजे हे आकडे ईमेल करू शकणाऱ्यांचे. 10 एप्रिलला आयोगाने व्हॉट्सअॅप नंबर दिला खरा, पण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात निम्म्याहून कमीच होत्या. त्याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम 14 टक्के निघाल्या होत्या.

मदतीची आपली सगळी व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरून उभी राहिली आहे: बाई घराबाहेर पडेल. ही व्यवस्था नेहमीच अशी नव्हती. 1973 च्या सुमारास शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायका गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या. दारूपाठोपाठ मारहाणीचा विषय निघाला, आणि बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब द्यावा लागू लागला. तिथे मार खाणारीला कुठे जावं लागत नव्हतं, बायकाच तिच्या दारात येत होत्या. या पद्धतीत दांडगाई होती हे मान्य. पण घर कोणी सोडायचं, या प्रश्नाचं उत्तर तिथे वेगळं होतं.

शहरात वाट निराळी निघाली. 1982 मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूने मध्यमवर्ग हादरला. नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवलं. ते बघायला येणाऱ्या बायका आपलंच सांगायला लागल्या, आणि ऐकून घेण्यासाठी मंचाचं ‘बोलते व्हा’ केंद्र उभं राहिलं. देशभर हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होतेच; 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत नवरा-सासरच्यांकडून होणाऱ्या छळाला गुन्हा ठरवणारं 498 अ हे कलम आलं. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. चौकीची पायरी चढायला घाबरणारीला तिथे वर्दी नसलेलं माणूस भेटावं, एवढा साधा विचार. पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपलेसे केले.

2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र मला यातलं सर्वांत हुशार पाऊल वाटतं. पोलिसांकडे जाते म्हटलं तर बाईला उंबऱ्यातच अडवतील, दवाखान्यात जाते म्हटलं तर सहसा कोणी अडवत नाही. 2020 मध्ये नेमकं दवाखान्याचं नाव काढलं की लोक दचकू लागले.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मात्र शहाद्याचा प्रश्न, घर कोणी सोडायचं हा, पुन्हा हाती घेतला. कलम 19 खाली दंडाधिकारी पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा, असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या गळ्यात दहा इतर कामं, आणि टाळेबंदीत कोर्टांपुढे फक्त तातडीची प्रकरणं.

मग पोहोचणार कोण? आशाताई, अंगणवाडीताई, वस्तीत शिधा वाटणारे कार्यकर्ते. ज्यांना दारावर जायची मुभा होती तेच. धारावीत ‘स्नेहा’ संस्थेने वस्तीतल्याच बायकांना ‘संगिनी’ म्हणून आधीपासून तयार केलं होतं. समुपदेशन फोनवर गेलं तेव्हा ही जुनी ओळख कामी आली. फोनवरचं काम सोपं नव्हतं. एका खोलीच्या घरात बाई बोलणार कधी? नवरा दुधाला किंवा शौचालयाच्या रांगेत गेला की. तो आला की फोन बंद, आणि पलीकडून परत लावायचा नाही, कारण उचलणारा तोच असू शकतो.

एप्रिल 2020 मध्ये पुणे जिल्हा परिषदेने गावपातळीवर देखरेख समित्या नेमायचं ठरवलं आणि जाहीर केलं: समजावूनही मारहाण थांबवली नाही, तर नवऱ्याची रवानगी संस्थात्मक विलगीकरणात. साथीसाठी रिकाम्या केलेल्या खोल्या होत्याच. या खेपेला पिशवी त्याने भरायची होती.