‘काहीही चालेल’ म्हणजे नेमकं काय पाठवायचं?

‘आमच्या प्रोग्रामिंग भाषेत नल सेफ्टी आहे, नलची कटकट संपली,’ असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. जाहिरातीसाठी वाक्य झकास आहे. पण असं म्हणणारा प्रोग्रामर मॉक वापरून पहिली युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या एका तुकड्याची चाचणी, लिहितो, ती चालवतो, आणि स्वतःच्या कोडमध्ये एकही नल नसताना लाल अक्षरांत तक्रार येते : ‘एनी मस्ट नॉट बी नल’. हा नल आला कुठून?

नल म्हणजे ‘इथे काहीच नाही’ असं सांगणारं मूल्य. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेत ते आणलं आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्याला आपली ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटलं. कॉटलिन, स्विफ्ट, डार्ट यांसारख्या भाषांनी यावर बंदोबस्त केला, तीच नल सेफ्टी. ‘निरोप’ हा मूल्याचा एक प्रकार आणि ‘निरोप?’ हा दुसरा. प्रश्नचिन्ह नसेल, तर तिथे नल चालत नाही.

मॉक म्हणजे टेस्टपुरता उभा केलेला तोतया. खरी सेवा खरोखर निरोप पाठवेल. टेस्टमध्ये ते नको असतं. म्हणून तोतयाला आधीच पढवून ठेवायचं, की ‘पाठव’ला कुठलाही निरोप दिला तरी ‘ट्रू’ (हो) म्हण. जावा भाषेच्या मॉकिटो लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) ते असं लिहितात :

व्हेन(सेवा.पाठव(एनी())).देनरिटर्न(ट्रू)

वाचताना हे साधं वाक्य वाटतं. पण संगणक ते आतून बाहेर चालवतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे. सर्वांत आधी चालतं ते एनी(). ‘काहीही चालेल’ असं मूल्य भाषेत नसतंच, त्यामुळे ते परत देणं एनी()ला शक्य नाही. मग ते दोन कामं करतं. पडद्यामागच्या एका नोंदवहीत ‘या जागी काहीही चालेल’ असं टिपून ठेवतं, आणि हातात काहीतरी द्यायलाच हवं म्हणून नल देतं. त्यानंतर ‘पाठव’ खरोखरच बोलावलं जातं, नल घेऊन! तोतया तो नल बघतसुद्धा नाही. तो नोंदवही उघडतो, तिथली टिपणं उचलतो आणि आपल्या या बोलावण्याला जोडून ठेवतो. शेवटी व्हेन येतं आणि सर्वांत शेवटचं बोलावणं कोणतं होतं ते पाहून त्याला उत्तर चिकटवतं.

म्हणजे तो नल निव्वळ जागा भरायला असतो. एका आर्ग्युमेंटला (पुरवायच्या मूल्याला) एनी() आणि दुसऱ्याला थेट आकडा दिला की मॉकिटो का रागावतं, हेही इथेच कळतं : आर्ग्युमेंटं दोन आणि टिपण एकच, मग ते टिपण कुठल्या आर्ग्युमेंटचं?

जावाला या नलचं सोयरसुतक नाही. कॉटलिनला आहे. जावाकडून आलेलं मूल्य नल न चालणाऱ्या जागी जात असेल, तर कॉटलिनचा कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) मध्ये गुपचूप एक तपासणी घालतो. एनी()चा नल तिथेच पकडला जातो, तोतयापर्यंत पोचतच नाही. एनीस्ट्रिंग() मात्र बिनबोभाट चालतं, कारण ते नलऐवजी रिकामी स्ट्रिंग देतं. याउलट इक्यू(निरोप), म्हणजे ‘नेमका हाच निरोप चालेल’, असं लिहिलं तर आपण हातात खरा निरोप दिलेला असूनही तक्रार येते : इक्यू तो निरोप नोंदवहीत ठेवतं आणि परत देतं नलच. हे माहीत नसलं, की कोणीतरी सांगितलं म्हणून एनी()पुढे दोन उद्गारचिन्हांचा ताईत बांधणं सुरू होतं. त्या चिन्हांचा अर्थच ‘नल असेल तर इथेच कोसळ’ असा आहे. गुण येणार कसा?

मॉकिटो-कॉटलिन ही जोडलायब्ररी चक्क फसवणूक करते. तिचं एनी() स्वतः कॉटलिनमध्ये लिहिलेलं आहे, आणि आत एका जेनेरिक (कुठल्याही प्रकारासाठी चालणाऱ्या) फंक्शनमध्ये ‘नल अॅज टी’ (नललाच टी प्रकारचं समज) असं रूपांतर आहे. जावा आणि कॉटलिनचा कोड जिथे चालतो त्या जेव्हीएमवर जेनेरिक प्रकार चालतेवेळी पुसलेले असतात, त्यामुळे हा टी नेमका कोण हे तिथे तपासताच येत नाही. बोलावणाऱ्याला वाटतं, कॉटलिनचं फंक्शन आहे, नल देणार नाही. म्हणून तपासणी नाही. नल सुखरूप तोतयापर्यंत जातो. एक अडसर तरीही असायचा : कॉटलिनचे वर्ग आणि त्यांच्या मेथड (वर्गातली फंक्शनं) मुळातच फायनल, म्हणजे बदलायला बंद. जुनं मॉकिटो उपवर्ग (मूळ वर्गावर बेतलेला नवा वर्ग) बनवून तोतया घडवायचं. फायनल वर्गाचा तोतया त्याला बनवताच येत नसे. वर्ग खुला केला तरी फायनल मेथड बदलता येत नसे, मग खरी मेथडच चालायची आणि तिच्या उंबऱ्यावरची तपासणी नलला अडवायची. २०२३ मध्ये आलेल्या मॉकिटो ५ पासून मूळ बाइटकोडमध्येच (कंपायलरने तयार केलेल्या कोडमध्येच) हस्तक्षेप करणारी पद्धत डीफॉल्ट झाली आणि हा अडसर बराचसा गेला.

डार्टपुढे ही फसवणूक चालत नाही. मार्च २०२१ मध्ये डार्ट २.१२ सोबत आलेली नल सेफ्टी जास्त कडक आहे, आणि तिथे जेनेरिक प्रकार चालतेवेळीही शाबूत असतात. खोटं रूपांतर जागीच पकडलं जातं. मला सर्वांत आवडतो तो डार्टच्या मॉकिटोने (नाव तेच, लायब्ररी वेगळी) काढलेला मार्ग, कारण त्यात लबाडी नाही. उपवर्गाने मेथड पुन्हा लिहिताना पॅरामीटरचा प्रकार अधिक मोकळा केला तर भाषेची हरकत नसते : मूळ मेथड फक्त ‘निरोप’ घेत असेल, तर उपवर्गाने ‘निरोप?’ घ्यावा. जो जास्त स्वीकारतो, तो कमी स्वीकारणाऱ्याच्या जागी बिनधोक उभा राहू शकतो. म्हणून हे मॉकिटो आपल्यासाठी तोतयाचा वर्गच लिहून देतं, प्रत्येक पॅरामीटरला प्रश्नचिन्ह लावून. तिथला एनी राजरोस नल असतो.

डार्टच्याच मॉकटेल लायब्ररीला असा वर्ग लिहून द्यायचा नाही, म्हणून ती एनी()साठी आपल्याकडूनच आधी एक खोटा निरोप मागून घेते, रजिस्टरफॉलबॅकव्हॅल्यू या फंक्शनने. मॉकिटोच्या वाटेने जायचं तर मात्र टेस्टमधल्या चलाचा (व्हेरिएबलचा) प्रकार ‘मॉकसेवा’, म्हणजे लिहून मिळालेला तोतयाचा वर्ग, असाच लिहावा लागतो. सवयीने तिथे ‘सेवा’ लिहिलं, की कंपायलर मूळ मेथडकडे बघतो, त्याला प्रश्नचिन्ह दिसत नाही, आणि एनी पुन्हा दाराबाहेर.