रक्ताआधीचा प्रवास

कोंबडीचं अंडं उबवायला ठेवल्यावर साधारण दीड दिवसात भ्रूणाचं हृदय धडधडू लागतं. पण रक्त तयार व्हायला त्याआधीच सुरुवात झालेली असते, तीही भ्रूणाच्या अंगात नाही, तर बलकावर पसरलेल्या पातळ पडद्यात. तिथे पेशींचे पुंजके जमतात. त्यांना रक्तद्वीपं म्हणतात. पुंजक्याच्या आतल्या पेशींचं रक्त होतं, कडेच्या पेशी चपट्या होऊन रक्तवाहिनीचं अस्तर बनतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्लोरेन्स सेबिन यांनी 1917च्या सुमारास हे जिवंत भ्रूणात, सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहिलं.

मला मात्र या बेटांपेक्षा तिथवरची वाटचाल अधिक विलक्षण वाटते. कारण या पेशी मूळच्या बेटावरच्या नाहीतच. भ्रूणाच्या मध्यावर एक खाच पडते, तिला आदिरेषा म्हणू. वरच्या थरातल्या पेशी त्या खाचेतून आत उतरतात, शेजारच्या पेशींशी असलेली घट्ट पकड सोडतात आणि दोन थरांमधल्या फटीतून बाहेर सरकू लागतात. रक्त आणि रक्तवाहिनी, दोन्ही घडवू शकणाऱ्या पेशी उंदराच्या भ्रूणात आदिरेषेच्या मागच्या भागातच सापडल्या, हे 2004मध्ये दिसून आलं. म्हणजे कोण व्हायचं याची निवड वाटेतच सुरू झालेली असते.

या पेशींच्या पृष्ठभागावर एफएलके-1 नावाचा ग्राही असतो. व्हीईजीएफ या प्रथिनाचा संकेत तो टिपतो. 1995मध्ये संशोधकांच्या एका गटाने हा ग्राही नसलेले उंदराचे भ्रूण तयार केले, तेव्हा त्यांच्यात ना रक्तद्वीपं झाली, ना रक्तवाहिन्या. ते दहाव्या दिवसाआधीच दगावले. दोन वर्षांनी त्याच गटाने निरोगी आणि ग्राही नसलेल्या पेशींचे मिश्र भ्रूण वाढवले. त्यात ग्राही नसलेल्या पेशी रक्तद्वीपांपर्यंत पोहोचल्याच नाहीत. त्या गर्भजलाच्या पिशवीच्या अस्तरावर साचून राहिल्या, वाट चुकलेल्या!

झेब्राफिशमध्ये प्रवास उलटा, बाजूंकडून मध्याकडे. दोन्ही बाजूंच्या पूर्वज पेशी कण्याच्या जागेखाली येऊन मिळतात आणि महारोहिणी, म्हणजे शरीरातली मुख्य धमनी, घडवतात. 2010मध्ये पारदर्शक भ्रूणात तिच्या तळाच्या पेशी वाकून, सुटून बाहेर पडताना दिसल्या. याच रक्ताच्या मूळपेशी. त्या पुन्हा निघतात, आधी शेपटीकडे थांबतात आणि शेवटी मूत्रपिंडात वस्ती करतात. माशात रक्त तिथेच तयार होतं.