पर्पल मार्टिन डास संपवतो?

अमेरिकेत पर्पल मार्टिनसाठी खांबावरचं पहिलं पक्षीघर घेणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं: हा पक्षी दिवसाला २००० डास फस्त करतो. साफ चूक. १९६०च्या दशकात इलिनॉयमधल्या ग्रिग्सव्हिलच्या एका कारखानदारानं हा आकडा गाजवला. त्याचा धंदाच ही घरं विकण्याचा!

भिंगरीच्या कुळातला हा पक्षी शिकार करतो दिवसाउजेडी, उंच हवेत. डास बहुतेक निघतात तिन्हीसांजेला, जमिनीलगत. आईबाप पिलांच्या चोचीत चतुर कोंबतात, पंख बाहेर लोंबत असतात. आणि चतुर तर स्वतःच डासांचा वैरी!

घर जरूर घ्या, पण मार्टिनसाठी. झाडांपासून निदान १२ मीटर दूर, मोकळ्यावर लावा. खांब मात्र घर खाली उतरवता येईल असाच हवा. आत चिमण्या किंवा स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातले पक्षी) घुसलेत का, हे वरचेवर बघावं लागतं.