डॉगरलँड एका रात्रीत बुडालं नाही

धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांचा विषय निघाला की साक्रीकडे कुणीतरी सांगतंच: उत्तर समुद्रात पवनचक्क्या उभारताना एका रात्रीत बुडालेला देश सापडला. तसं घडलेलं नाही. १९३१ मध्येच मासेमारी जहाजाच्या जाळ्यात दलदलीच्या मातीचं ढेकूळ आलं, त्यात शिंगाचं काटेरी भाल्याचं टोक होतं. ब्रिटनला युरोपशी जोडणारा तो प्रदेश म्हणजे डॉगरलँड; तो हिमयुगाचा बर्फ वितळत गेला तसा हजारो वर्षांत बुडाला. सुमारे ८,१५० वर्षांपूर्वीची स्टोरेगा त्सुनामी (नॉर्वेजवळ समुद्रतळाची दरड कोसळून उठलेली) हा त्यातला एक तडाखा. पवनचक्कीच्या पायासाठी ध्वनिलहरींनी तळाचे थर तपासतात, नळीने गाळ काढतात. त्यात गाडलेली नदीपात्रं दिसतात, परागकणांवरून तिथली झाडं कळतात. मला हे फार मोलाचं वाटतं. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. आपली तापीही तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या पुष्कळ पुढे वाहत होती.