पहिला कॉम्प्युटर गेम 'पाँग' नव्हे

जगातला पहिला कॉम्प्युटर गेम म्हणजे १९७२ चा 'पाँग' (पडद्यावरचा टेबल टेनिससारखा खेळ), हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे, आणि त्यात काही माणसांचं श्रेय बुडतं, म्हणून हा खुलासा.

१९५२ मध्येच केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ए. एस. डग्लस यांनी फुली-गोळा आणला होता. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर, टेनिस मांडलं, आणि ते खेळायला पाहुण्यांच्या रांगा लागल्या.

पण माझ्या मते खरा थक्क करणारा खेळ १९६२ चा 'स्पेसवॉर'. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत पीडीपी-१ हा संगणक होता, किंमत सुमारे १,२०,००० डॉलर. स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी त्याच्या गोल पडद्यावर दोन यानं एकमेकांशी झुंजवली. मधोमध तारा, आणि त्याचं गुरुत्वाकर्षण यानांना ओढून घेणारं! यानांमागे तारे म्हणून दाखवलेले ठिपके आधी कसेही विखुरलेले होते; ते पीटर सॅमसन यांना खटकलं, म्हणून त्यांनी तिथे खऱ्या आकाशातले तारे आणले, तेही कमी-जास्त तेजासह. खेळासाठी एवढी निष्ठा!

आणि 'पाँग'? अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी घडवलेल्या त्या यंत्रात प्रोसेसर नव्हता, प्रोग्रॅमही नव्हता. सगळा खेळ लॉजिक सर्किटांवर, म्हणजे त्याच कामासाठी जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटांवर, चाले. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर तो कॉम्प्युटर गेमच नव्हे. नाणं टाकून खेळायचा पहिला व्हिडिओ गेमही तो नाही. १९७१ मध्ये 'कॉम्प्युटर स्पेस' आला होता. 'पाँग'चं खरं यश वेगळं: व्हिडिओ गेमचा धंदा उभा राहिला तो त्याच्यामुळे.