खरं बोललात, तरी खटला: दिवाणी आणि फौजदारी बदनामी

बदनामीची नोटीस हातात पडली की बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "पण मी खोटं काय बोललो?" नोटीस दिवाणी दाव्याची आहे की फौजदारी तक्रारीची, हे कळेपर्यंत त्या वाक्याला फारसा अर्थ नाही. लोक दोन्हींना सरसकट 'मानहानीची केस' म्हणतात आणि तिथेच फसतात.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपल्या खजिनदारांना वीस वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दंड झाला होता." गोष्ट खरी. खजिनदारांनी भरपाईसाठी दिवाणी दावा लावला, तर लिहिणाऱ्याने त्या निकालाची नक्कल दाखल करावी. दाव्यातली हवाच जाते. मनात जुनी खुन्नस असली तरी फरक पडत नाही. जी अब्रू मुळात तेवढी नव्हतीच, तिच्या नुकसानीचे पैसे कसले मागणार?

तेच खजिनदार फौजदारी तक्रार घेऊन मॅजिस्ट्रेटकडे गेले तर तीच नक्कल अर्धंच काम करते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मधला पहिला अपवाद दोन गोष्टी मागायचा: आरोप खरा असावा, आणि तो करणं किंवा प्रसिद्ध करणं लोकहितासाठी आवश्यक असावं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ही अट तशीच आहे. अपवादात आपण बसतो, हे दाखवण्याचा भार आरोपीवर. वीस वर्षांपूर्वीच्या दंडाने आज कुणाचं हित साधलं, यावर उत्तर देताना घाम फुटेल. त्याऐवजी "दुरुस्ती फंडातली रक्कम खजिनदारांच्या स्वतःच्या खात्यात गेली" असं लिहिलं असतं आणि बँकेचा उतारा हाताशी असता, तर बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

हे जोखड इंग्रजांकडेही होतं. तिथल्या १८४३ च्या कायद्यात फौजदारी खटल्यात सत्याला लोकहिताची जोड लागायची. त्यांनी २०१० मध्ये तो गुन्हाच रद्द केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फौजदारी बदनामी घटनात्मक ठरवली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेचाही पर्याय आला. खऱ्या विधानासाठी कैदेची टांगती तलवार मला तरी पटत नाही, पण कायदा आज असा आहे.

एका बाबतीत मात्र दोन्ही कोर्टं सारखीच कडक. "लोक म्हणतात की खजिनदारांनी पैसे खाल्ले" असं लिहून 'लोक खरंच तसं म्हणत होते' याचे दहा साक्षीदार उभे केलेत, तरी त्याला सत्याचा बचाव म्हणत नाहीत. पैसे खाल्ले, हेच शाबीत करावं लागतं.